हिवाळी छाटणी : परसातील लहान फळझाडे व शोभेची झाडे

पावसाळा संपून थंडी स्थिरावली, सुगीची घाई ओसरली, की घराभोवतीच्या झाडांकडे पाहावयास थोडी सवड मिळते. परसातील डाळिंब, फालसा, अंजीर, लिंबू, अंगणातील चाफा, मोगरा, जास्वंद यांची छाटणी करावी असा विचार याच सुमारास अनेक कुटुंबांत होतो. शाळांच्या व कार्यालयांच्या आवारांतही ‘झाडे फार वाढली आहेत, जरा साफ करून घ्या’ अशी सूचना याच दिवसांत दिली जाते. ही सूचना योग्यच होय. परंतु तिची अंमलबजावणी पुष्कळदा अशी होते की, एक मजूर कोयता घेऊन येतो आणि समोर दिसेल ते झाड खांद्याइतक्या उंचीवर सरसकट तोडून जातो. त्यात फालशाचे भले होते, पण शेजारच्या बोरीची पिकू लागलेली फळे व आंब्याचा येऊ घातलेला मोहोर कचऱ्याच्या ढिगावर जातो.

याउलट ओल्या झाडावर लोखंड चालवू नये, अशी श्रद्धा बाळगणारी घरेही कमी नाहीत. त्यांच्या परसात डाळिंबाचे झुडूप इतके दाट होते की आतल्या फांद्यांना ऊन दिसत नाही. त्या वाळतात, वाळवी व खोडकिडा यांना आश्रय मिळतो आणि चार-दोन फळे धरली तरी ती किडकी निघतात. अतिरेकी तोड व अतिरेकी माया या दोहोंचा परिणाम एकच होतो : घरातील मुलांच्या वाट्याचे वर्षाचे फळ बुडते आणि कधी कधी झाडही हातचे जाते. यासाठी छाटणीमागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे. कारण कळले म्हणजे कोठे कापावे, केव्हा कापावे आणि केव्हा हात आवरावा, हे आपोआप कळू लागते.

छाटणी ही नवी कल्पना नव्हे

झाडावर शस्त्र चालविणे ही परकी पद्धत आहे, असा काहींचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. सहाव्या शतकात अवंती प्रांतात, म्हणजे आजच्या माळव्यात, होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. रोगट झाडाचा बिघडलेला भाग प्रथम शस्त्राने काढून स्वच्छ करावा व मग त्या जागी वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार त्यात सांगितला आहे. आधी रोगट भाग दूर करणे व मग जखमेची काळजी घेणे, हा क्रम आजच्या उद्यानशास्त्रातही मान्य आहे.

झाड हिवाळ्यात काय करते?

पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाशात पाने अन्न तयार करतात व त्यातील शिल्लक भाग फांद्या, खोड आणि मुळे यांत साठविला जातो. अंजीर, तुती, फालसा यांसारखी पानगळीची झाडे थंडी वाढली की पाने झाडून टाकतात. त्यावेळी साठवलेले अन्न खोडात व मुळांत असते आणि फांद्यांवरील डोळे निजलेले असतात. अशा वेळी फांदी आखूड केल्यास झाडाचे फारसे नुकसान होत नाही. वसंताची ऊब लागताच तोच साठा थोड्या डोळ्यांमध्ये वाटला जातो आणि जोमदार फूट येते. पाने नसल्यामुळे झाडाचा सांगाडाही स्पष्ट दिसतो. कोणती फांदी वाळली आहे, कोणती दुसरीवर घासते आहे, हे ओळखणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट शेंड्याची. फांदीच्या टोकाचा डोळा वाढत असेपर्यंत खालच्या डोळ्यांना तो फारसे फुटू देत नाही. शेंड्यात तयार होणारे वाढद्रव्य खाली उतरून ही दाब ठेवण्याची क्रिया घडवून आणते. शेंडा खुडला की हा दाब जातो व खालचे दोन-तीन डोळे फुटतात. म्हणूनच एक काठी छाटली की तिच्या जागी दोन-तीन काठ्या येतात. झुडूप भरदार करण्यासाठी या नियमाचा उपयोग होतो. आणि उंची कमी करण्याच्या हेतूने वरच्या वर शेंडे तोडल्यास झाड उलट अधिक दाट का होते, याचे उत्तरही याच नियमात आहे. दाटी कमी करावयाची असेल तर फांदी मधोमध न तोडता तिच्या उगमापाशी संपूर्ण काढावी लागते. आखूड करणे व विरळ करणे ही छाटणीची दोन निरनिराळी कामे आहेत, हा भेद कायम ध्यानात असावा.

मुख्य प्रश्न : फूल कोणत्या फांदीवर येते?

कोणतेही झाड छाटण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा. या झाडाला फूल नव्या फुटीवर येते, की गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर?

नव्या फुटीवर फुलणाऱ्या झाडांना हिवाळी छाटणी मानवते. जितकी जोमदार नवी फूट, तितका अधिक बहार. जी झाडे वसंतात जुन्या फांद्यांवर फुलतात त्यांच्या कळ्यांची तयारी थंडीतच झालेली असते. त्यांची छाटणी आता केली तर कापलेल्या फांदीबरोबर फूलही जाते. अशा झाडांची छाटणी फुलोरा किंवा फळे संपल्यावर करावी. या एका कसोटीने निम्म्याहून अधिक चुका टळतात.

या दिवसांत छाटावयाची झाडे

फालसा : हिवाळी छाटणीचे सर्वांत सोपे व खात्रीचे उदाहरण म्हणजे फालसा. याला फुले व फळे नव्या फुटीच्या पानांच्या बगलेत येतात. डिसेंबर-जानेवारीत पाने गळाल्यावर झुडूप जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर सरसकट छाटावे. न छाटलेला फालसा उंच होत जातो, फळ टोकाला लागते व हाती येत नाही. छाटलेल्या झुडपाची आंबटगोड, जांभळट फळे उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांच्या हाताशी येतात.

तुती : हीसुद्धा थंडीत विश्रांती घेते. दाटी करणाऱ्या व वाळलेल्या फांद्या काढून उरलेल्या आखूड कराव्यात. वसंतातील नव्या फुटीबरोबरच तुतीची फळे येतात.

डाळिंब : डाळिंबाला फळे बहुधा पक्व फांद्यांवरील आखूड, काटेरी काड्यांच्या टोकांशी लागतात. म्हणून डाळिंबाची कडक छाटणी करू नये. ती केली तर पाने भरपूर व फळे थोडी, अशी स्थिती होते. बुडापासून तीन ते चार चांगली खोडे ठेवावीत व जमिनीतून निघणारे इतर सर्व धुमारे काढून टाकावेत. आत शिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व वाळलेल्या काड्या विरळ कराव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार धरावयाचा असल्यास त्यापूर्वी पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यावी, मग हलकी छाटणी करावी आणि खत घालून पाणी सुरू करावे.

अंजीर : अंजिराच्या बाबतीत ठिकाण पाहावे. ग्वाल्हेरसारख्या कडक थंडीच्या भागात झाड पूर्ण पानगळ करते. तेथे विश्रांतीच्या काळात छाटणी योग्य होय. पुणे भागातील बागाईतदार मात्र उन्हाळ्यात येणाऱ्या मिठा बहारासाठी पावसाळा सरताच, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी उरकतात. अंजिराच्या पांढऱ्या चिकाने कातडीची आग होते. हातांत जुने मोजे घालावेत व डोळ्यांस हात लावू नये.

सीताफळ : पानगळ पूर्ण झाल्यावर व नवी पालवी फुटण्यापूर्वी वाळक्या, रोगट व आतल्या दाटीच्या फांद्या काढाव्यात. झाडावर काळी पडून सुकलेली फळे लटकत राहिली असतील तर तीही काढून जाळावीत; पुढील हंगामाचा रोग त्यांतच दडलेला असतो.

मोगरा : नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत मोगऱ्याची छाटणी करतात. आधी काही दिवस पाणी कमी करावे, झुडूप जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटरवर छाटावे, उरलेली जुनी पाने झाडून घ्यावीत व मग शेणखत घालून पाणी द्यावे. नव्या फुटीच्या टोकांना कळ्या धरतात व मार्चपासून फुले मिळू लागतात. अंगणातील दोन-तीन झुडपांवर देवपूजा व गजरे यांची गरज भागविणाऱ्या घरांना ही एक छाटणी पुरेशी होते.

चाफा : देवचाफ्याची पाने थंडीत गळतात. आकार बिघडविणाऱ्या फांद्या याच वेळी उगमापाशी कापाव्यात. कापलेले तुकडे फेकू नयेत. सावलीत आठवडाभर ठेवून चीक सुकल्यावर ते रेताड मातीत लावले की मूळ धरतात.

सावनी व जास्वंद : चुणीदार गुलाबी-जांभळ्या फुलांची सावनी व नेहमीची जास्वंद या दोन्ही नव्या फुटीवर फुलतात. सावनीची छाटणी पानगळ झाल्यावर करावी. दरवर्षी एकाच ठिकाणी बुंधा ठोकून काढल्यास तेथे गाठी होतात. त्याऐवजी पातळ काड्या व दाटी काढावी. जास्वंदीला थंडीचा जोर कमी झाल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास हात लावावा.

या दिवसांत हात आवरावा अशी झाडे

आंबा व काजू : दोघांचाही मोहोर हिवाळ्यातच येतो. यावेळी कापलेली प्रत्येक टोकाची फांदी म्हणजे गमावलेला मोहोर होय. छाटणी फळे उतरल्यावर करावी. वाळलेले व बांडगूळ लागलेले भाग मात्र केव्हाही काढण्यास हरकत नाही.

बोर : बोरीचा स्वभाव इतर झाडांच्या उलट आहे. हिवाळ्यात ती फळांनी लगडलेली असते व उन्हाळ्यात पाने टाकून विश्रांती घेते. तिची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत करावी आणि ती दरवर्षी करावी, कारण फळ त्या हंगामातील नव्या फुटीवर येते.

पेरू : डिसेंबर-जानेवारीत पेरूवर उत्तम गोडीची फळे असतात, ती उतरेपर्यंत थांबावे. पावसाळी पेरू पाणचट होतो व फळमाशीने किडतो. म्हणून ज्यांना हिवाळी फळच हवे असते ते बागाईतदार मे महिन्यात शेंडे छाटतात.

लिंबू : लिंबाला फार छाटणी सोसत नाही. वाळलेल्या काड्या, खैऱ्या रोगाने खरबरीत डाग पडलेल्या फांद्या आणि खोडातून सरळ वर धावणारे लुसलुशीत, फळ न धरणारे पाणसोट एवढेच काढावेत.

वसंतात फुलणारा कांचन, पळस, पांगारा : यांच्या कळ्या जुन्या फांद्यांवर येतात. फुलोरा संपल्यावरच छाटणी करावी. बहाव्यालाही हाच नियम लावावा. शेवगा फुलावर किंवा शेंगांवर असेल तर त्यालाही थांबावे व शेंगा संपल्यावर उंची कमी करावी.

गुलाब : याची मुख्य छाटणी ऑक्टोबरात होते व त्यानंतर सुमारे दीड महिन्याने फुले येतात. ऐन थंडीत झाड फुलावर असताना सुकलेली फुले व कलमाच्या खालून, म्हणजे खुंटातून, आलेले रानटी फुटवे एवढेच काढावेत. हे फुटवे राहू दिल्यास काही काळाने मूळ जातीचा गुलाब मरतो व रानगुलाब शिल्लक राहतो.

एकच वेल, दोन पंचांगे

छाटणीचा महिना पुस्तकात वाचून ठरविणे किती धोक्याचे असते, हे द्राक्षवेलीवरून चांगले समजते. उत्तर भारतात थंडीमुळे वेल पाने टाकून निजतो. तेथे जानेवारीत वर्षातून एकदाच छाटणी होते व उन्हाळ्याच्या मध्याला फळ येते. महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक व हैदराबादच्या परिसरात थंडी तितकी कडक नसल्याने वेलाला तशी झोप लागत नाही. तेथे एप्रिलच्या सुमारास एक व ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. मराठी बागाईतदार त्यांना अनुक्रमे खरड छाटणी व गोडी छाटणी म्हणतात. आता कल्पना करावी की, ग्वाल्हेरच्या नातलगाने जानेवारीत वेल छाटला म्हणून बेळगावकडील एखाद्या गृहस्थाने मांडवावरील वेलाला त्याच महिन्यात कात्री लावली. त्याच्या वेलावर त्यावेळी घड भरत असतात. ते सर्व जातील. वेल एकच असला तरी त्याचे पंचांग त्या त्या गावच्या हवेवर ठरते.

हाच विचार इतर झाडांनाही लागू पडतो. ग्वाल्हेर व माळव्यात कडाक्याच्या रात्री दव गोठते. तिकडे यास ‘पाला पडणे’ म्हणतात. मराठीतील झाडपाल्याशी त्याचा संबंध नाही. छाटणीनंतर येणारी कोवळी फूट अशा एका रात्रीत करपते. म्हणून त्या भागात कोवळी फूट लवकर टाकणाऱ्या झाडांची छाटणी कडाका ओसरल्यावर, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी करणे इष्ट होय. थंडीने करपलेल्या फांद्याही घाईने तोडू नयेत. वसंतात डोळे फुटू लागले की फांदी कोठपर्यंत जिवंत आहे हे दिसते. तेवढाच मेलेला भाग काढावा.

गोव्यात व कोकणपट्टीत स्थिती निराळी आहे. तेथे थंडीतही रात्रीचे तापमान साधारणपणे २० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. बहुतेक झाडे हिरवीच असतात व खरी विश्रांती घेत नाहीत. तेथे हिवाळ्याचा लाभ थंडीत नसून कोरड्या हवेत आहे. मुसळधार पावसात केलेली जखम दिवसेंदिवस ओली राहते व बुरशी शिरते. डिसेंबर-जानेवारीतील जखम लवकर सुकते. म्हणून वाळलेल्या, रोगट व बांडगूळ लागलेल्या फांद्या काढण्यास हा काळ उत्तम. मात्र हिरव्या फांद्यांची भारी छाटणी टाळावी. बांडगूळ वरवर खुडून उपयोग नसतो. त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, म्हणून ते जेथे चिकटले आहे त्याच्या खालून फांदीच कापावी लागते आणि तेही त्याला फळे येऊन पक्ष्यांनी त्याचे बी पसरविण्यापूर्वी.

बडोदे व हैदराबाद येथील हवा या दोन टोकांच्या मधली आहे. तेथे महिन्याची तारीख न पाहता झाडाकडे पाहावे : पाने गळाली आहेत काय, डोळे फुगले आहेत काय, फळ उतरले आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात.

हत्यारे व काप

अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या काड्यांसाठी धारदार सिकेटर, त्याहून जाड फांद्यांसाठी बारीक दातांची करवत, एवढी दोन हत्यारे परसासाठी पुरतात. कोयत्याचा घाव फांदी चिरतो, साल सोलून काढतो आणि ठोकरलेली, भेगाळलेली जखम मागे ठेवतो. छाटणीसाठी तो वापरू नये. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना हत्याराची पाती स्पिरिटने पुसावीत. डाळिंबावरील तेल्या रोगासारखे जीवाणूजन्य रोग कात्रीबरोबरच झाडाझाडांत फिरतात.

काडी आखूड करताना बाहेरच्या बाजूस तोंड असलेला डोळा निवडावा व त्याच्या वर सुमारे अर्धा सेंटीमीटर जागा सोडून तिरपा काप घ्यावा. कापाचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूस असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. बाहेरचा डोळा फुटला की फांदी बाहेर वाढते व झाडाचा मध्य मोकळा राहतो.

संपूर्ण फांदी काढताना अधिक काळजी हवी. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सालीचा थोडासा फुगीर कंगोरा दिसतो. झाड आपली जखम याच कंगोऱ्यातून झाकून घेते. अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडांची खोडे उभी चिरून अभ्यास केला आणि १९७० व १९८० च्या दशकांत दाखवून दिले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंत उभी करते व बाहेरून नवी साल चढवून तो भाग बंद करते. म्हणून खोडाला अगदी लगटून, कंगोरा तासून काप घेणे अपायकारक असते. त्याचप्रमाणे लांब ठोंब ठेवणेही वाईट. तो वाळतो, कुजतो व कूज खोडात उतरते. कंगोरा सुरक्षित ठेवून त्याच्या लगत बाहेरून घेतलेला काप हा योग्य काप होय.

जड फांदी एकाच कापात काढू नये. ती स्वतःच्या वजनाने मोडते व खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. प्रथम खोडापासून वीतभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाने एक-तृतीयांशापर्यंत करवत चालवावी. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी पाडावी. शेवटी उरलेला ठोंब कंगोऱ्यापाशी कापावा. या तीन कापांना पाच मिनिटे अधिक लागतात, परंतु झाडाचे आयुष्य वाचते.

एका वेळी किती छाटावे, याचेही प्रमाण असते. फालसा व मोगरा यांसारखी झुडपे सोडली तर एका वर्षात झाडाच्या जिवंत फांद्यांचा एक-चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेले झाड दोन-तीन हिवाळ्यांत विभागून ताळ्यावर आणावे.

जखमेची निगा

अंगठ्याहून बारीक कापांना काहीही लावण्याची आवश्यकता नसते. डांबर किंवा तैलरंग फासल्याने कूज थांबत नाही. मोठ्या कापांना, विशेषतः डाळिंब, लिंबू यांसारख्या बुरशीला बळी पडणाऱ्या झाडांना, बोर्डो मलम लावण्याची शिफारस केली जाते. मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा हा उपाय फ्रान्समधील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षवेलींवरील रोगासाठी प्रसिद्ध केला व तो आजही उपयोगात आहे.

घरगुती प्रमाण असे : १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्याने विरवून, एकूण पाणी अर्धा लिटर भरेल असे पाहावे. दोन्ही द्रावणे गार झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नये. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ धरावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी थोडी निवळी घालावी. मलम त्याच दिवशी ब्रशाने लावून संपवावे. मोरचूद विषारी आहे, म्हणून ते मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत.

दाट झाड मोकळे केल्यावर आजवर सावलीत राहिलेल्या खोडावर एकाएकी ऊन पडते व साल भाजते. अशा खोडांना उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. खोडावर भुश्शाचे व जाळीचे पट्टे दिसल्यास साल खाणारी अळी आहे असे समजावे. पट्टे झाडून, छिद्रात तार घालून अळी मारावी व रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घालून छिद्र चिखलाने लिंपावे.

छाटणी संपली म्हणजे आळे मोकळे करून चांगले कुजलेले शेणखत द्यावे व हलके पाणी सुरू करावे. निरोगी काड्या बारीक करून आळ्यात पसरल्यास ओल टिकते. रोगट काड्या मात्र आळ्यात न टाकता जाळून टाकाव्यात.

शाळा व कार्यालयांसाठी

शाळेच्या आवारातील छाटणी हा विज्ञानाचा उत्तम पाठ होऊ शकतो. फालशाची शेजारची दोन झुडपे निवडून एक छाटावे, दुसरे तसेच ठेवावे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्यास नवी फूट, फुले व पुढे फळे मोजून वहीत नोंदवावीत. ‘फूल नव्या फुटीवर येते’ हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही. कापण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

कार्यालयप्रमुखांनी छाटणीचा आदेश देताना झाडांची नावे व करावयाचे काम लिहून द्यावे. ‘आवार साफ करणे’ एवढ्या मोघम शब्दांत काम सोपवू नये. मोठे वृक्ष तोडणे हा स्वतंत्र विषय असून त्यासाठी कायद्याने परवानगी आवश्यक आहे. गोव्यात १९८४ चा व कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण अधिनियम यासंबंधी आहे. इतर राज्यांतील नागरिकांनी आपल्या स्थानिक संस्थेकडे किंवा वन कार्यालयाकडे चौकशी करावी. विजेच्या तारांना स्पर्श करणाऱ्या फांद्यांना स्वतः हात न लावता वीज कार्यालयास कळवावे.

झाडांच्या जातीविषयी किंवा रोगाविषयी शंका असल्यास रोगट फांदीचा तुकडा कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी कार्यालयात दाखवावा. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, ग्वाल्हेर येथील राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आणि डाळिंबासाठी सोलापूर येथील राष्ट्रीय संशोधन केंद्र या संस्थांतही या विषयाचे जाणकार आहेत.

छाटणीस आरंभ करण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारावी, वाळलेले, रोगट व एकमेकांवर घासणारे भाग डोळ्यांनी टिपून घ्यावेत आणि मगच कात्री हाती घ्यावी. बहुतेक परसांत एवढेच भाग काढल्याने निम्मे काम होते. उरलेल्या फांदीविषयी मनात शंका असेल तर ती यंदा ठेवावी. ठेवलेली फांदी पुढच्या हिवाळ्यात कापता येते. कापलेली फांदी पुन्हा जोडता येत नाही.